कवटी, विझलेली वात आणि मिऱ्यांची पुडी : बरोक चित्रांमधला मृत्यू कसा वाचावा

समाजमाध्यमांवर एक प्रकारची जुनी युरोपीय चित्रे वरचेवर फिरत असतात. काळपट पार्श्वभूमी, टेबलावर माणसाची कवटी, शेजारी नुकतीच विझलेली मेणबत्ती, एक घड्याळ, दोन-तीन फाटकी पुस्तके, कोमेजलेले फूल. त्याखाली आपल्यातलाच कुणीतरी लिहितो, 'बघा, युरोपनेही अनित्यता ओळखली होती.' मग शंभर लाइक. आम्हाला ही घाई खटकते. साम्य आहे, त्याबद्दल पुढे बोलूच. पण चित्र आधी ज्या काळात रंगवले गेले आणि ज्या घराच्या भिंतीवर टांगले गेले, तिथे ठेवून वाचायला हवे. शिवाय आपली बरीच मुले-मुली आता चित्रकला आणि कलेतिहास शिकत आहेत. कुणी जे. जे.मध्ये आहे, कुणी नेटची तयारी करते आहे. परीक्षेपुरते 'कवटी म्हणजे मृत्यू, फूल म्हणजे क्षणभंगुर सौंदर्य' असे पाठ करून भागते, पण चित्र मात्र तसेच बंद राहते.

या चित्रांना 'व्हॅनिटास' म्हणतात. साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय कलेला बरोक म्हणतात आणि व्हॅनिटास हा त्या काळातला, त्यातही हॉलंडमधला, खास प्रकार आहे. शब्द लॅटिन आहे आणि तो बायबलच्या जुन्या करारातील उपदेशक या पुस्तकातून आला. तिथे मूळ हिब्रू शब्द आहे 'हेवेल', म्हणजे वाफ, तोंडातून निघून विरणारा श्वास. लॅटिन भाषांतरात त्याचा अर्थ 'व्यर्थ, पोकळ' असा झाला आणि त्यातून पुढे एक मोठी धार्मिक परंपरा उभी राहिली. आम्हाला व्यक्तिशः हिब्रू शब्द जास्त आवडतो. 'व्यर्थ' म्हणताना आपण निकाल देतो. 'वाफ' म्हटले की नुसते डोळ्यांपुढे घडते ते दिसते.

हा प्रकार विशेष बहरला तो लायडेन शहरात. तिथे १५७५ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले होते आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस शवविच्छेदनाचे एक सभागृह उभे राहिले. मधोमध टेबल आणि भोवती चढत्या गोलाकार रांगा असलेल्या त्या सभागृहात माणसांचे आणि प्राण्यांचे सांगाडे मांडून ठेवलेले असत आणि काही सांगाड्यांच्या हातात मृत्यूची आठवण देणारी वचने लिहिलेल्या पताका असत. लोक तिकीट काढून ते पाहायला जात. म्हणजे शरीरशास्त्र आणि धर्मोपदेश एकाच छताखाली. शिवाय स्पेनविरुद्धचे युद्ध ऐंशी वर्षे, १६४८ पर्यंत चालले आणि प्लेग पुन्हा पुन्हा येत होता. कवटी रंगवणाऱ्याला ती कल्पनेतून काढावी लागत नव्हती.

बुडबुड्याच्या आत काय आहे?

आज ज्ञात असलेले सर्वांत जुने स्वतंत्र व्हॅनिटास वस्तुचित्र जाक दे गेन या डच चित्रकाराचे मानले जाते. साल १६०३. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. दगडी कोनाड्यात एक कवटी. एका बाजूला फुलदाणीत ट्युलिप, दुसऱ्या बाजूला धूर सोडणारे भांडे, पुढे काही नाणी. कमानीच्या वर दोन ग्रीक तत्त्वज्ञ बसले आहेत. डेमोक्रिटस जगाकडे बघून हसतो, हेराक्लिटस रडतो. आणि कवटीच्या डोक्यावर, अधांतरी, एक मोठा पारदर्शक बुडबुडा.

बहुतेक पाठ्यपुस्तके इथे थांबतात. बुडबुडा म्हणजे माणसाचे आयुष्य, झाले. माणूस हा बुडबुडा आहे ही प्राचीन रोमन म्हण होती. इरॅस्मसने ती आपल्या म्हणींच्या संग्रहात घेतली आणि हेंड्रिक गोल्ट्झियसने १५९४ मध्ये तिच्यावर एक प्रसिद्ध कोरीव चित्र केले. त्यात एक गुबगुबीत बालक कवटीवर रेलून फुगे उडवते आहे. दे गेनला ही परंपरा ठाऊक होती, यात शंका नाही. पण त्याने बुडबुडा रिकामा ठेवलेला नाही. जवळून पाहिले तर आत पुसट आकृत्या तरंगताना दिसतात. त्यांत छळाचे चाक आहे. या चाकावर गुन्हेगाराची हाडे मोडत. आणि एक कुष्ठरोग्याचा लाकडी खुळखुळा आहे.

या खुळखुळ्यापाशी आम्ही थांबलो. मध्ययुगापासून युरोपातील अनेक गावांत कुष्ठरोग्याला वस्तीत येताना असा खुळखुळा वाजवावा लागे, म्हणजे निरोगी लोक वेळीच बाजूला होतील. कंबरेला झाडू आणि गळ्यात मडके म्हणजे काय हे ज्यांना घरात कुणी वेगळे शिकवावे लागले नाही, त्यांना या वस्तूचा अर्थ समजायला तळटीप नको. संग्रहालयाच्या माहितीत या बुडबुड्यातील आकृत्यांना 'मानवी मूर्खपणाची' चिन्हे म्हटले आहे. आम्हाला ते पटत नाही. आजार हा मूर्खपणा नाही आणि आजाऱ्याच्या हातात खुळखुळा त्याने स्वतः घेतलेला नाही. तो समाजाने दिला. दे गेनच्या मनात नेमके काय होते हे त्याच्याबरोबर गेले. पण चारशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराला आयुष्याची क्षणभंगुरता दाखवताना छळाचे चाक आणि बहिष्कृताचा खुळखुळा आठवला, हे चित्रातच आहे.

वेळ दाखवण्याच्या रीती

मृत्यूपेक्षाही या चित्रकारांना वेळ रंगवण्यात जास्त रस होता, असे आमचे निरीक्षण आहे. कवटी कुणीही काढेल. वेळ कशी काढायची?

वाळूचे घड्याळ हा जुना उपाय. मेणबत्तीचा उपाय त्याहून चांगला. ती पेटती दाखवली तर वेळ चालू आहे, विझलेली दाखवली तर संपली आहे. पण बरेच चित्रकार तिसराच क्षण पकडतात. ज्योत गेली आहे, वातीच्या टोकाला अजून लाल ठिणगी आहे आणि धुराची एक बारीक रेघ वर जाते आहे. आपण चित्रासमोर उभे राहण्याच्या एक श्वास आधी कुणीतरी फुंकर मारली. ती खोली अजून कुणाच्या तरी वावराने उबदार आहे.

त्या काळात खिशात ठेवायचे घड्याळ हा श्रीमंतांचा दागिना होता. त्यातल्या बहुतेकांना एकच काटा असे, तासाचा. मिनिटाचा काटा लावण्याइतकी ती यंत्रे अचूक नव्हती. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचे घड्याळ बनवले ते १६५६ मध्ये, आणि खिशातल्या घड्याळाला अचूकता आणणारी केसासारखी स्प्रिंग १६७५ मध्ये. म्हणजे वेळ मोजण्याचे विज्ञान जिथे पुढे सरकत होते, तिथलेच चित्रकार घड्याळ उघडून टेबलाच्या कडेला ठेवत होते. विलेम व्हान आल्स्टच्या १६६३ च्या चित्रात, हे हेग येथील मॉरित्सहाउसमध्ये आहे, फुलदाणीखाली असेच एक उघडे घड्याळ निळ्या रेशमी फितीसह पडले आहे. वरची फुले टवटवीत. काही पाने मात्र किडीने खाल्लेली.

फुलांबद्दल एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. या पुष्पगुच्छांत वसंतातले ट्युलिप, उन्हाळ्यातले गुलाब आणि आणखी वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी फुले एकाच फुलदाणीत दिसतात. असा गुच्छ त्या काळी कुठेही मिळणे शक्य नव्हते. चित्रकार प्रत्येक फुलाचा अभ्यास त्याच्या मोसमात करून ठेवत आणि मग कॅनव्हासवर सगळी एकत्र आणत. क्षणभंगुरतेचे म्हणून ओळखले जाणारे हे चित्र खरे तर अनेक महिन्यांचा साठा आहे.

त्यातले पट्ट्यापट्ट्यांचे ट्युलिप सर्वांत महाग. पांढऱ्यावर लाल ज्वाळांसारख्या त्या रेघा एका विषाणूमुळे येत आणि मावा किडे तो पसरवत. हे विसाव्या शतकात कळले. रोग कंदाला हळूहळू दुबळा करी, त्यामुळे असे ट्युलिप दुर्मीळ, म्हणून किंमत आणखी चढे. फेब्रुवारी १६३७ मध्ये कंदांचा सट्टा कोसळला. त्यात अख्खा देश बुडाला ही गोष्ट बरीच फुगवलेली आहे असे आता इतिहासकार दाखवतात, पण टिंगल मात्र भरपूर झाली. यान ब्रुगेल धाकटा याने ट्युलिपचे व्यापारी म्हणून चक्क माकडे रंगवली. आजारामुळे सुंदर झालेले फूल, त्यावर लावलेला पैसा आणि बुडालेला भाव, एवढे सगळे माहीत असलेल्या माणसाच्या घरात ट्युलिपचे चित्र लागले की कवटीची गरज फारशी उरत नसे.

टेबलावरचा माल कुठून आला?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

हार्मेन स्टीनवाइकचे १६४० च्या सुमाराचे एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डावीकडून एक तिरपा प्रकाशझोत थेट कवटीवर पडतो. आजूबाजूला पुस्तके, वाद्ये, विझलेला दिवा, घड्याळ, एक जपानी तलवार आणि एक मोठा चकचकीत शिंपला. ज्ञान, संगीत, शस्त्र, संपत्ती, सगळ्यांचा शेवट एकच, असा चित्राचा रूढ अर्थ. क्ष-किरण तपासणीत उजवीकडच्या मोठ्या बुधल्याखाली एका रोमन सम्राटाचा अर्धपुतळा सापडला. चित्रकाराने तो रंगवून मग झाकून टाकला होता.

पण जपानी तलवार डच चित्रकाराच्या टेबलावर येते कशी? उष्ण समुद्रातला शिंपला येतो कसा? १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिची जहाजे जपान, जावा, सिलोन, मलबार इथून माल आणत. शिंपले जमवण्याचे वेड श्रीमंत डच लोकांना लागले होते. रेम्ब्रांटनेही १६५० मध्ये एका शिंपल्याचे कोरीव चित्र केले. त्यात सही बरोबर उमटावी म्हणून त्याने ती उलटी कोरली, पण शिंपल्याचे वेटोळे दिसले तसेच कोरले, त्यामुळे छापात ते निसर्गात असते त्याच्या उलट दिशेने फिरते.

पीटर क्लास हा हार्लेमचा चित्रकार. त्याने कवट्याही रंगवल्या आणि मेजवानीची टेबलेही. १६२७ चे त्याचे टर्की पक्ष्याच्या मांसाची पाय असलेले चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात शिंपल्याचा पेला आहे, चिनी मातीची वाटी आहे, अर्धे सोललेले लिंबू आहे. आणि कडेला मिऱ्यांची एक पुडी आहे, आपल्या वाण्याकडे बांधतात तशी कागदाची. तो कागद पंचांगाचे फाडलेले पान आहे. जुने झालेले, तारखा उलटून गेलेले पंचांग. वेळ निघून गेली आणि तिची पुडी झाली. कवटीशिवाय इतके नेमके सांगणारे दुसरे काही आम्ही पाहिलेले नाही.

आता त्या पुडीतल्या मिऱ्यांबद्दल. मसाल्यांच्या व्यापारासाठी डच कंपनीने काय केले याची नोंद इतिहासात आहे. जायफळ आणि जायपत्री तेव्हा जगात प्रामुख्याने इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर मिळत. १६२१ मध्ये यान पीटरझोन कून याच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या फौजेने ही बेटे घेतली. तिथली बहुसंख्य माणसे मारली गेली, उपाशी मेली, पळाली किंवा गुलाम करून नेली गेली, आणि मग बाहेरून आणलेल्या गुलामांकडून जायफळाच्या बागा चालवल्या गेल्या. क्लासचे हे चित्र त्यानंतर सहा वर्षांनी रंगवलेले. आपल्याकडचा दुवाही फार लांब नाही. १६३७ मध्ये याच कंपनीने वेंगुर्ल्याला वखार घातली, कारण गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करणाऱ्या आरमाराला जवळ ठाणे हवे होते. त्या डच वखारीची पडकी इमारत आजही वेंगुर्ल्यात उभी आहे. तळकोकणातल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी तिथून जाताना पाहावी.

म्हणजे हार्लेमचा व्यापारी संध्याकाळी टेबलापुढे बसून चित्र बघतो. चित्र त्याला सांगते, बाबा रे, हे सगळे जाणार. तो मान डोलावतो. खोटेपणाने नव्हे, मनापासून. सकाळी वखारीत जाऊन हिशेब बघतो. चित्राला यात काही अडचण नाही. उलट शिंपल्याची चमक, चांदीच्या पेल्यातला खिडकीचा कवडसा, लिंबाच्या सालीचा ओलसर खडबडीतपणा हे सगळे इतक्या प्रेमाने रंगवले आहे की सोडून दे म्हणणारे चित्र स्वतःच हवेहवेसे होते. आणि ते विकतच घ्यावे लागे.

आमची तक्रार चित्रकाराशी नाही. तक्रार आहे ती चित्राच्या एका सोयीस्कर वाक्याशी, की मृत्यूपुढे सगळे समान. बांदाच्या माणसाला आणि हार्लेमच्या व्यापाऱ्याला मृत्यू आला हे खरे. पण एकाच्या मृत्यूवर चिंतन करायला टेबल, मेणबत्ती आणि सवड होती. दुसऱ्याचा मृत्यू त्या टेबलाच्या खर्चात जमा झाला. स्मशानातली समानता सांगणारे आपल्याकडेही कमी नव्हते आणि त्याच गावात स्मशाने मात्र वेगळी होती.

काही डच वस्तुचित्रांत ही दुसरी माणसे दिसतातही. युरियान व्हान स्ट्रेक या चित्रकाराने चिनी भांड्यांच्या टेबलाशेजारी एक आफ्रिकी सेवक रंगवला. तो भांड्यांइतकाच झळाळता आहे, महागड्या कपड्यांत आहे, आणि चित्राच्या रचनेत त्याची जागाही भांड्यांसारखीच आहे. अशा सेवकांची नावे चित्रांच्या शीर्षकांत सहसा सापडत नाहीत. फुलाची, शिंपल्याची जात मात्र तज्ज्ञ अचूक सांगतात.

सेव्हिल : जिथे चित्रे धर्मादाय दवाखान्यात आहेत

हॉलंड प्रोटेस्टंट होते. कॅथलिक स्पेनमध्ये हाच विषय फार वेगळ्या आवाजात येतो. आंतोनियो दे पेरेदाने १६३० च्या दशकात रंगवलेल्या चित्रात एक देवदूत पृथ्वीच्या गोलाकडे बोट दाखवतो. त्याच्या हातात सम्राट पाचव्या चार्ल्सची छोटी प्रतिमा. पुढे कवट्या, चिलखत, नाणी, पत्ते. ज्या साम्राज्याचा दबदबा होता त्याच्या उतरणीच्या काळात, स्पेनमध्येच, हे चित्र झाले. राजकीय धाडस त्यात नक्की आहे.

पण सर्वांत थरारक आहेत ती हुआन दे वाल्देस लेआल याची दोन मोठी चित्रे. सेव्हिल शहरातल्या कारिदाद या धर्मादाय रुग्णालयाच्या चर्चमध्ये ती आहेत. १६७० ते १६७२ च्या दरम्यान रंगवलेली. एका चित्राचे नाव 'पापणी लवते तोवर' अशा अर्थाचे. सांगाडा काखेत शवपेटी आणि कोयता घेऊन पृथ्वीच्या गोलावर पाय ठेवतो आणि हाताने मेणबत्ती विझवतो. खाली पोपचा मुकुट, राजाचा मुकुट, तलवारी आणि ग्रंथ ढिगाने पडले आहेत. दुसऱ्या चित्रात तळघर. उघड्या शवपेटीत भरजरी वस्त्रांतला बिशप सडतो आहे आणि अंगावर किडे फिरताहेत. शेजारी एका सरदाराचे प्रेत. वरून एक हात तराजू धरून आला आहे. त्या हातावर खिळ्याची जखम आहे, म्हणजे तो येशूचा. पारड्यांवर 'अधिक नको' आणि 'कमी नको' असे शब्द. मुरियो हा दुसरा मोठा चित्रकार हे चित्र पाहून म्हणाला की हे बघताना नाक धरावे लागते, अशी दंतकथा सांगतात.

सेव्हिलने १६४९ च्या प्लेगमध्ये जवळपास निम्मी लोकसंख्या गमावली होती. ही चित्रे करवून घेणारा मिगेल मान्यारा हा त्या धर्मादाय मंडळाचा प्रमुख होता. मंडळाचे मूळ काम काय, तर फाशी गेलेल्यांची, नदीत बुडून मेलेल्यांची, बेवारसांची प्रेते उचलून त्यांना मूठमाती देणे. या दोन चित्रांना त्या चर्चमध्ये दाराजवळ समोरासमोर जागा दिली आहे. ती ओलांडून पुढे गेले की मुरियोने रंगवलेली दयेच्या कामांची चित्रे लागतात, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा. अगदी शेवटी मुख्य वेदीवर येशूच्या दफनाचे शिल्प. चित्रांची ही वाट चालणाऱ्याला काम सांगते. आधी स्वतःचे प्रेत पाहा, मग प्रेते उचलायला चला. बेवारस प्रेत उचलणे हे काम आपल्याकडे कुणाच्या माथी जन्माने मारले गेले होते हे आठवले, की सरदार घराण्यांतली माणसे ते खांद्यावर घेत होती ही गोष्ट लहान वाटत नाही.

तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. मान्याराच्या वडिलांनी पैसा कमावला तो अमेरिकेच्या व्यापारात. त्या व्यापाराच्या मुळाशी पोतोसीची चांदी होती आणि ती खणायला तिथल्या मूळ रहिवाशांना वेठीला धरत. इथेही टेबलाखालचा हिशेब आहेच. पण हार्लेमच्या व्यापाऱ्यापेक्षा मान्यारा आम्हाला जवळचा वाटतो, कारण चित्र बघून तो घरी बसला नाही.

आरशात कोण आहे?

या चित्रकारांना स्वतःच्या मरणाचे काय वाटत असे? डेव्हिड बैलीने १६५१ मध्ये एक विलक्षण चित्र केले. ते लायडेनच्या लाकेनहाल संग्रहालयात आहे. टेबलावर कवटी, वाळूचे घड्याळ, नाणी, हवेत तरंगणारे फुगे. बाजूला एक तरुण चित्रकार बसला आहे आणि त्याच्या हातात एका प्रौढ माणसाचे छोटे चित्र आहे. पाहणाऱ्याला वाटते, तरुणाने वडिलांचे चित्र धरले असावे. खरे म्हणजे दोघेही बैलीच. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. हातातले छोटे चित्र आजच्या बैलीचे, आणि जो जिवंत वाटतो तो तरुण केव्हाच संपलेला. वर्तमान चित्रात चित्र झाले आहे आणि भूतकाळ समोर बसून आपल्याकडे बघतो आहे. (हार्मेन स्टीनवाइक हा याचाच भाचा आणि शिष्य.)

मारिया व्हान ओस्टरवाइकबद्दल लिहायलाच हवे. स्त्रियांना नग्न मॉडेलवरून चित्रे काढायला शिकण्याची मुभा नव्हती, त्यामुळे धार्मिक आणि ऐतिहासिक विषयांची मोठी चित्रे, जी तेव्हा सर्वश्रेष्ठ मानली जात, त्यांचा मार्ग त्यांना जवळपास बंद होता. फुले आणि वस्तू मात्र घरात होत्या. १६६८ चे तिचे व्हॅनिटास चित्र व्हिएन्नात आहे. कवटी, आकाशगोल, फुले, फुलपाखरू, हिशेबाची वही, आणि एक छोटा उंदीर धान्याचे कणीस कुरतडतो आहे. काचेच्या एका बाटलीवर खिडकीच्या प्रतिबिंबात चित्रकर्तीची स्वतःची आकृती दिसते. तिच्या घरी गेर्तगेन विंतगेस नावाची मोलकरीण होती. ओस्टरवाइकने तिला रंग तयार करायला शिकवले, मग चित्र काढायला शिकवले, आणि ती मोलकरीण स्वतः फुलांची चित्रकार झाली. तिच्या सहीची चित्रे आजही आहेत. बरोकच्या पुस्तकांत या बाईला एखादी ओळ मिळते. आम्हाला तिच्यावर एक स्वतंत्र लेख वाचायला आवडेल. कुणी लिहील का?

निकोला पुसँचे 'काळाच्या संगीतावरचे नृत्य' हे चित्रही अभ्यासक्रमात असते, १६३४ च्या आसपासचे, लंडनच्या वॉलेस संग्रहात. दारिद्र्य, श्रम, श्रीमंती आणि सुखविलास या चार आकृती हात धरून फेर धरतात आणि म्हातारा काळ वाद्य वाजवतो. श्रमातून श्रीमंती, श्रीमंतीतून विलास, विलासातून पुन्हा दारिद्र्य. मांडणी देखणी आहे. पण ज्यांच्या किती पिढ्या श्रमापाशीच थांबवून ठेवल्या गेल्या, त्यांच्यासाठी हा फेर कधी फिरलाच नाही, हे पोपपदापर्यंत पोहोचलेल्या त्याच्या आश्रयदात्याला कोण सांगणार होते?

अनित्य आणि व्हॅनिटास

साम्याचा प्रश्न उरला. आपल्या परंपरेत मरणानुस्सती आहे. सतिपट्ठान सुत्तात प्रेताच्या नऊ अवस्थांचे चिंतन आहे. फेणपिण्डूपम सुत्तात रूपाला फेसाची आणि वेदनेला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा आहे. दे गेनच्या बुडबुड्याहून ही उपमा दोन हजार वर्षे जुनी आहे आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे मानायला आधार नाही. बुडबुडा फुटतो हे जगात कुठेही दिसते. फरक पुढे आहे. व्हॅनिटास म्हणते, देह आणि वस्तू जाणार म्हणून अमर आत्म्याची आणि परलोकाची काळजी घे. तथागतांनी त्या बुडबुड्याच्या आत टिकून राहणारा आत्माही ठेवला नाही. त्यामुळे आपल्याकडे हा विचार 'आता मग इथे, या लोकांत कसे वागायचे' या प्रश्नावर येतो. तेव्हा या चित्राखाली 'युरोपनेही अनित्यता ओळखली' असे लिहिण्याआधी चित्रकाराला कोणत्या परलोकाची आस होती तेही लिहावे.

शेवटी पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. फुलांच्या डच चित्रांत कधी कधी पाने विचित्र निळसर दिसतात. ती तशी रंगवलेली नव्हती. हिरवा करण्यासाठी निळ्यात मिसळलेला किंवा त्यावर दिलेला वनस्पतीजन्य पिवळा रंग उजेडाने उडून गेला आणि खालचा निळा उरला. परीक्षेत याला प्रतीक म्हणून लिहू नका.

आणि राइक्सम्युझियम व मेट्रोपोलिटन या दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर वर सांगितलेली त्यांची चित्रे मोठ्या आकारात फुकट पाहता येतात. मोबाइलवर बोटांनी मोठी करून दे गेनच्या बुडबुड्यात चाक आणि खुळखुळा शोधा, क्लासच्या पुडीवरचे पंचांगाचे पान शोधा. क्लासचेच व्हायोलिन आणि कवटीचे आणखी एक चित्र, १६२८ च्या सुमाराचे, जर्मनीत न्युरेम्बर्गला आहे. त्यात टेबलाच्या कडेला काचेचा एक गोळा ठेवला आहे. त्या गोळ्यात अख्खी खोली उलगडून दिसते, खिडकी दिसते, आणि त्या खोलीत नखाएवढा एक माणूस इझलसमोर बसून हेच चित्र रंगवतो आहे.